रागावर उपचार : एक प्रस्तावना

राग ही मूलभूत भावना आहे. बोलायला शिकण्याआधीच मूल रागवायला लागते. वाट अडवली गेली, अपमान झाला, अन्याय झाला किंवा नुसते तसे वाटले, तरी मेंदूतील अमिग्डाला हा भाग क्षणार्धात धोक्याची सूचना देतो. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींमधून अ‍ॅड्रेनलिन रक्तात मिसळते, हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, श्वास उथळ होतो, जबडा आणि मुठी आवळल्या जातात. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली या बदलांची संगती लावली: संकटात सापडलेला प्राणी एकतर झुंजतो किंवा पळतो, आणि दोन्हींसाठी त्याचे शरीर एकाच पद्धतीने सज्ज होते. माणसाची अडचण अशी, की घरातला टोमणा, साहेबाचा फोन किंवा सिग्नल तोडून आडवी आलेली रिक्षा यांच्यासाठीही शरीर तीच तयारी करते. कपाळामागचा, परिणामांचा विचार करणारा मेंदूचा भाग या उसळीला आवर घालू शकतो. पण त्याला थोडा अवधी लागतो. रागावरील उपचारांचा बराचसा खटाटोप हा अवधी मिळवण्यासाठी असतो.

राग मुळात वाईट नाही. भारतीय परंपरेने क्रोधाला षड्रिपूंमध्ये बसवले आणि गीतेच्या दुसऱ्या अध्यायाने विषयांच्या चिंतनापासून बुद्धिनाशापर्यंतच्या साखळीत त्याला एक दुवा मानले. पण नाट्यशास्त्राने त्याच क्रोधाला रौद्ररसाचा स्थायीभाव म्हणून मान्यताही दिली. आजचे मानसशास्त्र रागाकडे आधी एक खबर म्हणून पाहते. आपली मर्यादा कोणीतरी ओलांडली, काहीतरी चुकीचे घडले, याची ती खबर असते. ती वारंवार येऊ लागली, प्रसंगाच्या मानाने फार तीव्र झाली, तासन्‌तास किंवा दिवसेंदिवस टिकू लागली, तिच्यापायी नाती, नोकरी किंवा तब्येत बिघडू लागली, म्हणजे उपचाराची वेळ आली असे समजावे. चार्ल्स स्पीलबर्गर यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या मापन-प्रश्नावलीत त्या क्षणी आलेला राग आणि स्वभावात मुरलेला राग वेगवेगळे मोजले जातात. राग बाहेर काढणारा माणूस आणि आत दाबणारा माणूस यांतला फरकही तिच्यात नोंदवला जातो. हा दुसरा भेद विशेष उपयोगाचा आहे, कारण आरडाओरडा करणाऱ्याकडे सगळ्यांचे लक्ष जाते. धुमसत राहणाऱ्याला मात्र समंजस म्हटले जाते.

नुसत्या रागाला वैद्यकात स्वतंत्र आजाराचे नाव नाही. अधूनमधून भडका उडण्याच्या एका विकाराची नोंद आहे. त्यात प्रसंगाच्या मानाने अवाजवी आणि पूर्वनियोजन नसलेले स्फोट पुन्हा पुन्हा होतात. पण उपचारासाठी येणाऱ्या अनेकांचा राग दुसऱ्याच कशाच्या तरी पोटात असतो. नैराश्य आलेला माणूस, विशेषतः पुरुष, रडण्याऐवजी खेकसतो. आघातानंतरच्या तणावविकारात चिडचिड हे मान्य लक्षण आहे. अपुरी झोप, दीर्घकाळचे दुखणे, डोक्याला झालेली इजा, उन्मादाची अवस्था यांपैकी काहीही मुळाशी असू शकते. दारू तर फारच वेळा असते. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रांत व्यसनावरच्या कामाला राग, नाती आणि विचारपद्धती यांवरच्या कामाची जोड लागते ती यामुळेच. म्हणून चांगला उपचारक पहिल्याच भेटीत श्वासाचे व्यायाम शिकवायला घेत नाही. तो झोपेविषयी, पिण्याविषयी, औषधांविषयी, बालपणातल्या मारहाणीविषयी विचारतो, आणि घरात कोणाला इजा झाली आहे का, हेही विचारतो. राग घालवणारे खास औषध नाही; नैराश्य किंवा उन्माद असेल तर त्याची औषधे मनोविकारतज्ज्ञ देतात आणि त्यांनी चिडचिडही पुष्कळदा कमी होते.

उपचारांच्या इतिहासात एक समज फार काळ ठाण मांडून बसला होता: राग कोंडला की तो कुठूनतरी फुटणार, म्हणून तो ‘बाहेर काढावा’. वाफेच्या बंद भांड्यासारखे मन, ही ती कल्पना. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांच्या १८९५ सालच्या ग्रंथातील भावनांच्या निचऱ्याच्या विचाराला पुढे लोकप्रिय रूप मिळाले, आणि उशा बडवणे, मोकळ्या जागी जाऊन ओरडणे, वस्तू फोडणे यांनाच उपचार म्हटले जाऊ लागले. प्रयोगांनी ही कल्पना खोटी ठरवली आहे. अमेरिकी संशोधक ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ६०० विद्यार्थ्यांना आधी चिडवण्यात आले. काहींना चिडवणाऱ्याचाच विचार करत मुष्टियुद्धाच्या पिशवीवर ठोसे मारायला सांगितले, काहींना व्यायामाचा विचार करत मारायला सांगितले, काहींना नुसते बसवून ठेवले. चिडवणाऱ्याला मनात ठेवून ठोसे मारणाऱ्यांचा राग सर्वांत जास्त राहिला, आणि नुसते बसलेले सर्वांत कमी आक्रमक ठरले. सोफी क्यार्विक आणि बुशमन यांनी २०२४ साली १५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. शरीराची उत्तेजना उतरवणाऱ्या गोष्टींनी, म्हणजे दीर्घ श्वसन, स्नायूंचे शिथिलीकरण, ध्यान, योगासने यांनी राग कमी होतो. ती चढवणाऱ्या गोष्टींनी एकंदरीत होत नाही, असे त्यातून दिसले. धावणे हृदयासाठी उत्तम असले, तरी भडकलेल्या क्षणाचे औषध म्हणून ते कामाचे नाही. ही बाब मराठी घरांतही अजून पुरेशी पोचलेली नाही. ‘एकदा बोलून मोकळा झालो’ असे म्हणणारा मोकळा होतो ते तेवढ्यापुरते, आणि पुढच्या वेळी ओरडण्याची त्याची वाट आणखी रुळते.

राग आवरण्याचे पद्धतशीर प्रशिक्षण देता येते, हे ठामपणे मांडणारे पहिले महत्त्वाचे नाव रेमंड नोव्हाको यांचे. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात रागाने बेजार झालेल्या लोकांना दोन गोष्टी शिकवल्या गेल्या: शरीर सैल सोडणे, आणि प्रसंगाच्या आधी, प्रसंगात व नंतर स्वतःशी काय बोलायचे ते. दोन्ही मिळून शिकवल्यावर परिणाम सर्वांत चांगला आला. कॅनडातील डोनाल्ड मायकेनबॉम यांच्या तणाव-लसीकरणाच्या पद्धतीशी नोव्हाकोंची मांडणी जोडलेली आहे. लसीत जसा दुबळा केलेला जंतू देतात, तसा इथे चिथावणीचा छोटा, सोसवेल असा डोस दिला जातो. आधी समजून घेणे, मग कौशल्य शिकणे, मग ते वाढत्या कठीण प्रसंगांत वापरून पाहणे, असे हे तीन टप्पे. आजच्या बहुतेक कार्यक्रमांचा सांगाडा अजून तोच आहे.

प्रत्यक्षात हे कसे घडते ते एका सर्वसाधारण उदाहरणावरून पाहता येईल. संध्याकाळी दमून घरी आलेला बाप मुलीचा गणिताचा अभ्यास घ्यायला बसतो. हातच्याची वजाबाकी तिसऱ्यांदा चुकते आणि त्याचा हात उठतो. त्याला विचारले तर तो सांगेल, ‘ती चुकली, मला राग आला, हात उठला.’ उपचारातले पहिले काही आठवडे ही तीन छोटी वाक्ये उलगडण्यात जातात. त्याला एक नोंदवही ठेवायला सांगतात. तीत प्रसंग, वेळ, शंभरपैकी राग किती, शरीरात काय झाले, मनात कोणते वाक्य आले, काय केले आणि त्यानंतर काय झाले, एवढे लिहायचे. पंधरा दिवसांच्या नोंदी समोर ठेवल्या की आकृती दिसू लागते. भडका मंगळवारी आणि शुक्रवारी उडतो, कारण त्या दिवशी कामावर आढावा बैठक असते आणि जेवण चुकते. डॉल्फ झिलमन यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिले होते, की एका ठिकाणची शारीरिक उत्तेजना पुरती न ओसरता दुसऱ्या ठिकाणच्या भावनेत मिसळते आणि ती भावना फुगवते; माणसाला मात्र सगळा राग समोरच्यामुळेच आलेला वाटतो. वजाबाकी चुकण्याआधीच या बापाचा राग शंभरपैकी चाळीसवर असतो. म्हणून उपाय वहीपाशी सुरू होत नाही, तो दाराशीच सुरू होतो: घरात आल्यावर हातपाय धुणे, खाणे, वीस मिनिटे कोणताही निर्णय किंवा अभ्यास न घेणे.

दुसरा शोध शरीराचा. रागाची पहिली खूण प्रत्येकाची वेगळी असते: कोणाचे कान तापतात, कोणाचा आवाज बारीक होतो, कोणी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणू लागतो. ही खूण ऐंशीवर ओळखून उपयोग नाही, तिसावर ओळखायला शिकावे लागते. त्यासाठी एडमंड जेकबसन यांनी १९२९ साली ग्रंथरूपाने मांडलेली स्नायूंच्या क्रमशः शिथिलीकरणाची पद्धत आजही वापरतात. एकेक स्नायुगट आधी आवळायचा, मग सोडायचा, म्हणजे ताण आणि सैलपणा यांतला फरक शरीराला कळतो. हा सराव रोज, राग नसताना करायचा असतो. अनेकांची निराशा इथेच होते. ऐन भडक्यात पहिल्यांदाच दीर्घ श्वास घेऊन पाहतात आणि ‘काही फरक पडत नाही’ म्हणून सोडून देतात.

तिसरा शोध मधल्या वाक्याचा, आणि तो सर्वांत मोलाचा. वजाबाकी चुकणे आणि हात उठणे यांच्यामध्ये बापाच्या मनात काहीतरी येऊन गेलेले असते: ‘ही मुद्दाम करते’, ‘मी एवढा राबतो आणि हिला किंमत नाही’, ‘हिचे पुढे काहीच होणार नाही’. उपचारक ही वाक्ये पुराव्यासमोर उभी करतो. सात वर्षांची मुलगी मार खाण्यासाठी मुद्दाम चुकेल का? भीतीने गोठलेल्या मुलाला हातचा आठवतो का? हळूहळू बापाला रागाखाली लपलेली काळजी दिसते, आणि तिच्याखाली कधी स्वतःच्या शाळेतली छडीही. मग सत्रात प्रसंग वठवून पाहतात: उपचारक मुलीच्या भूमिकेत चुका करतो आणि बाप श्वास सोडून ठरलेले वाक्य मोठ्याने म्हणतो. पहिल्यांदा हे अवघडल्यासारखे होते. चार-पाच वेळा केल्यावर शब्द जिभेवर बसतात, आणि घरी ऐनवेळी तेच आठवतात.

मधल्या वाक्याला उपचाराच्या केंद्रस्थानी आणण्याचे श्रेय ॲरन बेक आणि अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) या दोघा मानसोपचारकांना जाते. एलिस यांनी १९५५ पासून विकसित केलेल्या पद्धतीचे महाराष्ट्राशी जवळचे नाते आहे. मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून ती आत्मसात केली आणि विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून मराठी वाचकांपर्यंत नेली. ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थने ती सर्वसामान्य कुटुंबांपर्यंत पोचवली. अंजली जोशी यांची ‘मी अल्बर्ट एलिस’ ही चरित्रात्मक कादंबरी मराठीत लिहिली गेली, यावरूनही या नात्याची खोली कळते. एलिस यांच्या मते घटना थेट राग निर्माण करत नाही. घटनेविषयीची हट्टाची मागणी तो निर्माण करते. समोरच्याने नीट वागावे ही इच्छा रास्त आहे. त्याने नीट वागलेच पाहिजे, नाही वागला तर ते असह्य आहे आणि तो माणूसच टाकाऊ आहे, ही त्या इच्छेची झालेली मागणी असते. उपचारात इच्छा सोडायला सांगत नाहीत, मागणी सोडायला सांगतात. इच्छा राहिली की नाराजी, खंत, ठाम विरोध हे सगळे शिल्लक राहते. जाते ते फक्त आंधळेपण. भाऊबंदकीच्या जमिनीच्या वादात, वाटणीत, आईवडिलांच्या पक्षपाताच्या जुन्या जखमेत ही फोड विलक्षण उपयोगी पडते, कारण तिथे घटना बदलणे बहुधा शक्य नसते.

आत दाबलेल्या रागाचा उपचार वेगळ्या दिशेने जातो. मुलीने आवाज चढवू नये, सुनेने उलट बोलू नये, अशा शिकवणीत वाढलेल्या अनेक स्त्रिया रागाची तक्रार घेऊन येतच नाहीत. त्या डोकेदुखी, झोप न येणे, छातीत धडधड अशा तक्रारी घेऊन येतात. त्यांना शांत व्हायला शिकवणे म्हणजे मूळ दुखणे वाढवणे. त्यांना शिकवायचे असते ते ठामपणे बोलणे: घडले ते नेमके सांगणे, त्याचा आपल्यावर झालेला परिणाम सांगणे आणि काय बदल हवा ते स्पष्ट मागणे, तेही समोरच्याच्या स्वभावावर शेरा न मारता. भांडी आपटणे आणि अबोला ही या दाबलेल्या रागाचीच रूपे. उपचारक वादातून थोडा वेळ बाजूला व्हायला सांगतात, तेव्हा पुष्कळांना तो अबोलाच वाटतो. पण दोन्हींत मोठे अंतर आहे. बाजूला होणारा ‘अर्ध्या तासाने बोलू’ असे सांगून जातो आणि परत येतो. अबोला धरणारा समोरच्याला अंधारात ठेवून शिक्षा देतो. वारकरी परंपरेत ज्ञानेश्वर लोकांच्या वागण्याने व्यथित होऊन ताटी लावून बसले आणि धाकट्या मुक्ताबाईने ताटीच्या अभंगांतून त्यांची समजूत घातली, अशी कथा आहे. रागावलेल्याला कमी न लेखता, त्याच्याच मोठेपणाची आठवण देत त्याला दार उघडायला लावण्याची ही रीत आजच्या कौटुंबिक समुपदेशकांनीही अभ्यासावी इतकी समर्थ आहे.

एका ठिकाणी मात्र राग आवरण्याचे प्रशिक्षण हे उत्तर नव्हे. बायकोला मारणारा पुरुष ‘राग आवरत नाही’ असे सांगतो. पण तोच पुरुष साहेबावर, पोलिसावर, धडधाकट शेजाऱ्यावर हात टाकत नाही. म्हणजे आवर घालणे त्याला येते. इथे प्रश्न सत्तेचा असतो. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, डुलुथ गावी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सुरू झालेल्या कार्यक्रमाने घरगुती हिंसेला रागाचा विकार न मानता ताबा गाजवण्याची पद्धत मानले, आणि ही दृष्टी जगभर स्वीकारली गेली. अशा घरात नवराबायकोला एकत्र बसवून केलेले समुपदेशन धोक्याचे ठरू शकते: सत्रात खरे बोललेल्या बाईला घरी त्याची किंमत मोजावी लागते. तिची सुरक्षितता आधी. भारतात २००५चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा त्यासाठी संरक्षण अधिकारी, संरक्षण आदेश आणि निवाऱ्याची तरतूद करतो. उपचाराचे नाव पुढे करून कायद्याची वाट अडवणे हा अपराधाला दिलेला आधार ठरतो.

रास्त रागाचा प्रश्नही इथेच येतो. ज्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या अन्याय झाला त्यांना ‘शांत व्हा’ असे सांगणारा उपचार अन्यायाच्या बाजूचा होतो. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यानंतर सत्याग्रहींवर हल्ले झाले. संतापलेल्या अनुयायांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रतिहल्ला करण्यापासून रोखले. त्यांनी रोखला तो फक्त प्रतिहल्ला: त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले आणि तळ्याचा खटला थेट १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात जिंकेपर्यंत लढवला गेला. राग कायम ठेवून त्याचे प्रयोजन निवडणे म्हणजे काय, याचे याहून स्पष्ट उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात सापडणे कठीण. एलिस ज्याला निरोगी राग म्हणतात त्याची कसोटीही हीच आहे: माणसाचा निर्णय त्याच्या हातात राहिला का?

या उपचारांनी खरेच फरक पडतो का, याचे उत्तर आश्वासक आहे. रिचर्ड बेक आणि एफ्रेम फर्नांडिस यांनी १९९८ साली ५० अभ्यास एकत्र करून पाहिले. बोधात्मक-वर्तन उपचार, म्हणजे वर सांगितल्यासारखे विचार आणि वागणे बदलण्याचे उपचार, घेतलेला सरासरी माणूस उपचार न घेतलेल्या ७६ टक्के लोकांपेक्षा बऱ्या स्थितीत होता. शरीरासाठीही हे महत्त्वाचे आहे: मरे मिटलमन आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखवले, की तीव्र रागानंतरच्या दोन तासांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका दुपटीहून अधिक वाढतो. उपचार मात्र माणसाच्या स्वतःच्या इच्छेवर फार अवलंबून असतो. बायकोने, कंपनीने किंवा न्यायालयाने धाडलेला माणूस ‘दोष दुसऱ्यांचा आहे’ हे सिद्ध करायला येतो. त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा या रागाने आतापर्यंत त्याचे काय काय नेले, याची यादी त्याच्याचकडून करून घेणे अधिक फळते.

साधारणतः आठवड्याला एक या प्रमाणे दहा-बारा सत्रांत मूळ कौशल्ये शिकवून होतात. आघात किंवा व्यसन असेल तर काम लांबते. ज्यांच्या भावना फार वेगाने उसळतात त्यांच्यासाठी मार्शा लिनेहन यांनी १९९०च्या दशकात मांडलेली द्वंद्वात्मक वर्तनोपचार पद्धती अधिक योग्य ठरते. तिच्यात आवेगाच्या बरोबर उलट कृती करण्याचा सराव असतो. उपचारक निवडताना चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच नसावा. जिथे असा माणूस जवळ नाही, तिथे केंद्र सरकारची ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली टेली-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही पहिली मदत करते.

उपचार चालू असताना आणि संपल्यावरही भडका पुन्हा उडतो. ते गृहीत धरूनच शेवटच्या सत्रांत त्याची तयारी करतात: कोणते प्रसंग धोक्याचे, कोणती पहिली खूण, कोणाला फोन करायचा, आणि ओरडून झालेच तर माफी कशी मागायची. ही माफी सबबीशिवाय मागायची असते. ‘मी ओरडलो, पण तूही’ यातल्या ‘पण’नंतर माफी उरत नाही. प्रगती मोजतानाही राग आला की नाही हे पाहत नाहीत. महिन्यातले भडके किती, ते किती वेळ टिकले, खूण किती लवकर ओळखता आली आणि बिघडलेले सावरायला किती वेळ लागला, हे नोंदवहीतून काढतात. घरातल्यांनाही वेगळे विचारतात, कारण स्वतःच्या आवाजाची पट्टी माणसाला स्वतःला क्वचितच नीट ऐकू येते. पुढे तीन आणि सहा महिन्यांनी एकेक उजळणीचे सत्र ठेवतात, आणि त्यासाठी नोंदवही सोबत आणायला सांगतात.